सकाळी सान मामेस, दुपारी रिओहा

स्पेनला जायचं ठरलं तेव्हा घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. मी कोल्हापूरचा, त्यामुळं फुटबॉल (कुठल्या पेठेचा ते सांगत नाही, उगाच वाद नको), आणि बायको दिंडोरीकडची, माहेरी द्राक्षबागा, नाशिकच्या वायनरीत कॉलेजपासून जाऊन आलेली, तिला रिओहा, म्हणजे स्पेनचा वाईनचा प्रसिद्ध भाग, बघायचाच होता. मला वाईनमधलं लाल आणि पांढरं एवढंच कळतं, तिला ऑफसाईड कळत नाही, म्हटलं एकाच दिवसात दोघांचं होईल असं काहीतरी शोधू.

नेटवर शोधलं की पहिल्यांदा माद्रिद आणि बार्सिलोनाचीच पॅकेजं येतात. स्टेडियम टूर आणि वाईन टेस्टिंग, अर्धा दिवस, हॉटेलवरनं पिकअप वगैरे. नीट वाचलं तर कळतं की टेस्टिंग शहरातल्याच एखाद्या बारच्या तळघरात आहे, चार ग्लास, चीजचे तुकडे आणि एक माणूस तुम्हाला नकाशावर द्राक्षं कुठं पिकतात ते दाखवणार. वाईट असेल असं नाही, पण बायको म्हणाली नकाशा बघायला मी एवढ्या लांब येत नाही. आणि बार्सिलोनाच्या कॅम्प नोउचं तर २०२३ पासून काम काढलेलं. मग मी बिल्बाव सुचवलं. तिथनं रिओहाची आरो नावाची वाईननगरी शंभरेक किलोमीटर, आणि बिल्बावला अ‍ॅथलेटिक क्लबचं सान मामेस स्टेडियम. जगात जे काही मोजके क्लब बाहेरचा प्लेयर घेत नाहीत त्यातला हा एक मोठा. मला लहानपणापासून उत्सुकता होती की हे लोक टिकतात कसे.

शेंगेन व्हिसाचं रामायण सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. बुकिंगचं मात्र सांगतो कारण खरी कसरत तिथंच आहे. स्टेडियमचं तिकीट क्लबच्या साईटवर सहज मिळतं, फक्त मॅच कधी आहे ते आधी बघा, मॅचच्या दिवशी टूरच्या वेळा बदलतात. वायनरीला, म्हणजे तिकडच्या भाषेत बोदेगाला, असंच उठून जाऊन चालत नाही, तारीख आणि वेळ घेऊनच जावं लागतं, त्यात इंग्लिश टूर दिवसातून कमीच असतात आणि दुपारी जेवणाच्या वेळेला सगळं शांत. रविवारी दुपारनंतर तर बऱ्याच बोदेगा बंदच. म्हणून उलटं प्लॅनिंग करायचं, आधी बोदेगाची इंग्लिश टूर पकडायची, त्यावरनं बसची वेळ आणि मग बसच्या आधी बसेल अशी स्टेडियमची वेळ. आम्ही गुरुवार घेतला. गाडी भाड्यानं घ्यायचा विचार लगेच सोडून दिला, टेस्टिंगला जाऊन एकानं कोरडं बसायचं याला काही अर्थ नाही.

सकाळी मेट्रोनं गेलो. बिल्बावची मेट्रो नॉर्मन फॉस्टरनं डिझाईन केलेली, फुटपाथवरनं काचेच्या नळीतनं खाली उतरायचं, सान मामेस नावाचंच स्टेशन आहे, वर आलं की दोन-चार मिनिटांत स्टेडियम. आणि हे बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं की स्टेडियम शहराबाहेर कुठंतरी पार्किंगच्या वाळवंटात नाहीये. रस्ता संपतो तिथं स्टेडियम सुरू होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला बार, बारच्या दारात लाल-पांढरे झेंडे. आमच्याकडं शाहू स्टेडियमला गावातनं चालत जायचं, तशीच सोय. बाहेरनं पांढऱ्या पिळदार पट्ट्या लावलेल्या आहेत, एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, रात्री त्यात लाईट लागतो. पाऊस भुरभुरत होता. बिल्बावला पाऊस कायमचाच, इतका की नवीन स्टेडियम बांधून झाल्यावर लोक पुढच्या रांगांत भिजायला लागले म्हणून २०१६ मध्ये छप्पर आणखी पुढं वाढवावं लागलं. हे गाईडनंच हसत हसत सांगितलं.

हे स्टेडियम नवीन, २०१३ मध्ये सुरू झालेलं, ५३ हजारांच्या आसपास लोक बसतात. जुनं सान मामेस त्याला चिकटूनच होतं, १९१३ चं, म्हणजे बरोबर शंभर वर्षं चाललं. नवीन बांधताना जुनं मध्येच येत होतं, म्हणून आधी तीन बाजू बांधल्या, तिथं खेळायला सुरुवात केली आणि जुनं पाडून मग चौथी बाजू पुरी केली. टीम एकही सीझन शहराबाहेर गेली नाही. जुन्याची ती प्रसिद्ध पांढरी कमान आता लेसामाला, त्यांच्या ट्रेनिंग ग्राउंडवर उभी आहे.

नाव संताचं. मामेस नावाच्या ख्रिश्चन पोराला रोमन लोकांनी सिंहापुढं टाकलं आणि सिंहांनी त्याला खाल्लंच नाही, अशी कथा आहे. स्टेडियमशेजारी त्या संताचं देऊळवजा ठिकाण होतं म्हणून ग्राउंडला ते नाव, आणि म्हणून प्लेयर्सना सिंह म्हणतात. स्टेडियमला तर लोक कॅथेड्रलच म्हणतात. टूरमध्ये पिचिचीचा अर्धपुतळा दाखवतात. १९१३ ला जुन्या ग्राउंडवरचा पहिला गोल ह्या माणसाचा, पुढं १९२२ मध्ये तिशीच्या आतच टायफसनं गेला. कुठलीही टीम सान मामेसला पहिल्यांदा खेळायला आली की त्यांचा कॅप्टन या पुतळ्याला फुलं वाहतो, ही रीत अजून चालू आहे. स्पॅनिश लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला पिचिची ट्रॉफी देतात हे मला माहीत होतं, मेस्सीनं किती वेळा घेतली वगैरे पाठ होतं, पण हा पिचिची कोण याचा कधी विचारच केला नव्हता.

म्युझियमला वेळ ठेवा. आम्ही तासभर तिथं घालवला आणि तो कमीच पडला. तेल्मो सार्रा, लीगमध्ये २५१ गोल, जवळजवळ साठ वर्षं हा रेकॉर्ड टिकला, २०१४ मध्ये मेस्सीनं मोडला. इरिबार, काळ्या ड्रेसमधला गोलकीपर, १९७६ च्या डिसेंबरमध्ये हुकूमशहा फ्रँको जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, बास्क म्हणजे बिल्बाव ज्या प्रदेशात येतं त्याच्या झेंड्यावर अजून बंदी, आणि हा आणि दुसऱ्या बास्क क्लबचा, रेआल सोसिएदादचा, कॅप्टन दोघं मिळून तो झेंडा हातात धरून मैदानात आले. मग २०२४ चा कोपा, म्हणजे स्पेनचा कप. सेव्हियाला फायनल, मायोर्काशी एक-एक, पेनल्टीवर जिंकले, चाळीस वर्षांनी मोठा कप, आणि त्यानंतर गाबार्रा म्हणजे तो लोखंडी तराफा नदीत काढून सगळी टीम त्यावर उभी करून मिरवणूक, काठावर लाखो लोक. त्याचा व्हिडिओ लावलेला आहे, तिथं उभं राहून बघताना माझ्या शेजारचे एक आजोबा डोळे पुसत होते. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, तुझेही पूस म्हणून.

आता तो बाहेरचा प्लेयर न घेण्याचा मुद्दा. बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथं फुटबॉल शिकलेला असेल तरच घेतात, १९१२ पासून. आणि एवढं करून आजवर एकदाही खालच्या डिव्हिजनला गेलेले नाहीत, हे रेआल माद्रिद आणि बार्सिलोना सोडलं तर फक्त यांनाच जमलंय. मी कोल्हापूरचा असल्यामुळं मला हे लगेच पटलं, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आमच्याकडं टीमा तालमींच्याच आहेत, पेठेची पोरं पेठेसाठी खेळणार आणि हरलं की आठवडाभर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. पण आता आमच्याकडंही बाहेरनं प्लेयर आणतात आणि त्यावर चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंनी भांडणं होतात. म्हणून मी गाईडला जरा खोदून विचारलं की बास्क म्हणजे नेमकं कोण. ती बाई हसली, म्हणाली हा प्रश्न आमच्याकडंही रोज बारमध्ये असतो. इन्याकी विल्यम्सचे आईवडील घानाचे, सहारा पार करून आलेले, तो जन्मला बिल्बावला, धाकटा निको पाम्पलोनाला, दोघंही इथलेच. लापोर्त फ्रान्सच्या आजँचा, पण फ्रेंच बास्क भागातल्या बायोनला शिकला म्हणून चालला. आणि मग ती म्हणाली, तुम्ही दुपारी रिओहाला जाताय ना, मग ऐका, वर्ल्डकप जिंकलेला फर्नांदो योरेंते रिओहातल्या रिंकोन दे सोतो गावात वाढलेला, गोलकीपर आरांसुबिया लोग्रोन्योला जन्मलेला, एस्केर्रो कालाओर्राचा. रिओहा बास्क प्रदेशात नाही, शेजारी आहे. पण शेजारची चांगली पोरं लहानपणीच लेसामाला आणून शिकवली की ती नियमात बसतात.

म्हणजे दार बंद आहे, पण कडी आतनं लावलेली नाही. मला हे आवडलं. बायकोचं म्हणणं की हे सोयीस्कर आहे. असेल.

पुढं एका काचेच्या कपाटात जुने शर्ट होते आणि तिथली गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. सुरुवातीला यांचा शर्ट निळा-पांढरा होता, ब्लॅकबर्न रोव्हर्ससारखा. १९०९ च्या शेवटी हुआन एलोर्दुय नावाचा माणूस इंग्लंडला गेला, त्याला तसले शर्ट पुरेसे मिळेनात, परतीची बोट साऊदम्प्टनवरनं होती, त्यानं बंदरावरच साऊदम्प्टन क्लबचे लाल-पांढरे पन्नास शर्ट उचलले आणि घेऊन आला. बिल्बाव शहराचे रंगही तेच निघाले. त्यातले अर्धे माद्रिदच्या शाखेला गेले, ती शाखा बिल्बावच्याच विद्यार्थ्यांनी काढलेली, तीच पुढं अ‍ॅटलेटिको माद्रिद झाली. म्हणून दोघांचे पट्टे सारखे. क्लबचं नाव इंग्लिश, खेळ शिकवला इंग्लिश खलाशांनी आणि इंग्लंडात शिकून आलेल्या इथल्या पोरांनी, कारण बिल्बावचं लोखंड बोटी भरभरून ब्रिटनला जायचं. सगळ्यात लाडका जुना कोच तोही इंग्लिश, पेंटलंड, डोक्यावर गोल काळी हॅट, टीम जिंकली की पोरं त्याची हॅट काढून त्यावर उड्या मारायची. त्याच्याच काळात, १९३१ ला, बार्सिलोनाला बारा-एक असं धुतलंय. म्हणजे जी टीम फक्त आमचीच पोरं म्हणते तिचं नाव, शर्ट, कोच सगळं बंदरावरनं आलेलं.

ड्रेसिंग रूम, प्रेसची खोली, टनेल हे सगळं इतर कुठल्याही स्टेडियम टूरसारखंच, फोटो काढायचे आणि पुढं जायचं. डगआउटमध्ये बसता येतं, मी बसलो, गवत अगदी जवळ, स्टँड इतके उभे चढलेले की रिकाम्या स्टेडियममध्येही अंगावर आल्यासारखं वाटतं. बायकोला इथं एकच गोष्ट लक्षात राहिली आणि ती माझ्यापेक्षा चांगली निवडलेली आहे: २०१९ च्या जानेवारीत इथं बायकांची कपची मॅच होती, अ‍ॅटलेटिको माद्रिदशी, आणि ४८,१२१ लोक बघायला आले होते. बुधवारच्या रात्री.

बसस्टँड स्टेडियमच्या समोरच, जमिनीखाली, त्यामुळं टूर संपल्यावर धावपळ नाही. मध्ये अर्धा तास होता, कोपऱ्यावरच्या बारमध्ये हिल्दा खाल्ली, काडीला टोचलेलं ऑलिव्ह, हिरवी मिरची आणि अँचोव्ही मासा. मी खाल्ली म्हणजे, बायकोचा गुरुवार, तिनं बटाट्याचं ऑम्लेट नको म्हणून नुसती कॉफी घेतली. वाईनचं गुरुवारला चालतं का असं मी विचारलं, तर द्राक्षं आहेत, शाकाहारी आहेत असं उत्तर आलं. विषय संपला.

बस तासाभराहून जरा जास्त घेते आणि हा रस्ता झोपून घालवू नका. बिल्बाव सोडलं की हिरवंगार, डोंगर, धुकं, गायी, आपल्याकडं आंबोली उतरल्यासारखं. मग घाट चढून पलीकडं गेलं की हळूहळू रंगच बदलतो, हिरवं जाऊन पिवळं, तांबडं, आभाळ मोकळं. कारण समुद्राकडनं येणारे ढग डोंगर अडवून धरतो, अलीकडं पाऊस आणि पलीकडं द्राक्षं. बायको खिडकीला नाक लावून बसली होती. बागा दिसायला लागल्या तशी ती एकदम शेतकऱ्याची पोर झाली, मांडव नाही, तारा नाहीत, असं म्हणायला लागली. खरंच बऱ्याच जुन्या बागांत वेली नुसत्या झुडपासारख्या, गुडघ्याएवढ्या, एकेक सुटी. ऑक्टोबर होता, पानं लाल-पिवळी व्हायला लागलेली, तोडणी बहुतेक उरकलेली, एखाद-दुसऱ्या ट्रॅक्टरमागं अजून ट्रॉली दिसत होती.

आरो गाव टेकडीवर आणि बोदेगा खाली नदीपलीकडं, रेल्वे स्टेशनला खेटून. त्या भागाचं नावच स्टेशनची पेठ. पंधरा मिनिटं उतरत चालायचं. लोपेस दे एरेदिया, मुगा, ला रिओहा आल्ता, कूने, बोदेगास बिल्बाइनास, रोदा, सगळी मोठी नावं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. लोपेस दे एरेदियाच्या दारात झाहा हदीदनं केलेलं सुरईच्या आकाराचं चकचकीत दुकान आहे, आत शंभर वर्षांची कोळिष्टकं जपलेली. आमचं बुकिंग कूनेचं होतं, १८७९ ची कंपनी.

सगळ्या बोदेगा स्टेशनजवळ का, तर फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाच्या किडीनं बागा बसल्या, तिकडच्या व्यापाऱ्यांना वाईन कमी पडायला लागली, ते शोधत शोधत इकडं आले, आणि येताना लहान लाकडी पिंपांत वाईन मुरवायची पद्धत घेऊन आले. आणि इथं रेल्वे आलेली होती, १८६३ ला, बिल्बाव ते तुदेला. पिंपं थेट वॅगनमध्ये चढवायची, बिल्बाव बंदरात उतरवायची. ही रेल्वे बांधणारा इंजिनियर चार्ल्स विग्नोल्स, ब्रिटिश. गावात इतका पैसा आला की १८९० मध्येच विजेचे दिवे लागले, स्पेनमधल्या पहिल्या काही गावांत. आणि कूने कुणी काढली तर बिल्बावच्या दोन भावांनी, त्यातल्या एकाच्या छातीला बिल्बावची दमट हवा मानवत नव्हती म्हणून ते इकडं कोरड्या हवेत आले. हे ऐकल्यावर मी बायकोकडं बघितलं. सकाळी ज्या बंदराची गोष्ट ऐकली त्याच बंदराची ही दुसरी बाजू होती. लोखंड गेलं, पैसा आला, एका बाजूनं फुटबॉल आला आणि दुसऱ्या बाजूनं वाईन गेली. मी एका दिवसात दोन वेगळ्या गोष्टी बसवल्या असं मला वाटत होतं, त्या मुळात वेगळ्या नव्हत्याच. पॅकेजवाल्यांना हे सुचलेलं नाही अजून.

आतली टूर साधारण अशी, अंगण, जुन्या इमारती, मग पिंपांचं मोठं दालन. हे दालन गुस्ताव आयफेलच्या ऑफिसनं डिझाईन केलेलं, मध्ये एकही खांब नाही, लोखंडी कैच्यांवर छप्पर. पिंपं हलवायची तर खांब मध्ये येतात म्हणून. प्रत्येक पिंप २२५ लिटरचं, अमेरिकन किंवा फ्रेंच ओकचं. मग जमिनीखालच्या गुहा, तिथं बाटल्यांचं स्मशान आहे, त्यांचाच शब्द, म्हणजे जुन्या जुन्या वर्षांच्या बाटल्या आडव्या घालून ठेवलेल्या, त्यावर काळी बुरशी कापसासारखी दाटलेली. ती बुरशी पुसत नाहीत, हवेतला दमटपणा सांभाळते म्हणे. गाईड तरुण पोरगा, अ‍ॅथलेटिकचा फॅन निघाला, माझ्या हातातली स्टेडियमच्या दुकानाची पिशवी बघून आम्हाला जरा जास्तच वेळ दिला.

लेबलवरचं क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा हे मला कायम दर्जाचं वाटायचं, ते मुळात वेळेचं आहे. लाल वाईनला क्रियान्सा म्हणजे एकूण दोन वर्षं, त्यातलं निदान एक पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, एक पिंपात. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, त्यातली निदान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. ते झाल्याशिवाय विकताच येत नाही, तोवर पैसा तळघरात अडकलेला. म्हणून हा बिल्बावच्या भांडवलाचा धंदा, एकट्यादुकट्या शेतकऱ्याचं काम नाही.

आता इथं बायको सुरू झाली. तिनं विचारलं छाटणी कधी करता, तो म्हणाला हिवाळ्यात, वर्षातनं एकदा, वेल झोपलेली असते तेव्हा. ती म्हणाली आमच्याकडं वेल झोपतच नाही, थंडी तेवढी नाही, म्हणून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतो. त्या पोरानं दोनदा विचारलं, जानेवारीत तोडणी? टूरमधली बाकीची मंडळी थांबून ऐकायला लागली. मग खुंटाचा विषय निघाला, फायलोक्सेरा १८९९ ला रिओहातही पोचलाच, तेव्हापासून इथं सगळी कलमं अमेरिकन मुळांवर, आणि ही म्हणते आमच्याकडंही डॉगरिज खुंटच, तोही अमेरिकनच, पण आम्ही खारं पाणी आणि दुष्काळ यासाठी लावतो. मला त्यातलं निम्मं कळलं, पण सकाळचे साऊदम्प्टनचे शर्ट आठवून मजा वाटली.

मग एकरी उतारा. रिओहाच्या नियमानं लाल द्राक्षं हेक्टरी साडेसहा हजार किलोच्या वर घेताच येत नाहीत, पांढरी नऊ हजार. बायकोनं तिथंच फोनवर हिशेब केला, एकरी अडीच टनाच्या आसपास, आणि थेट नानांना म्हणजे माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. नाना खाण्याच्या द्राक्षांवाले, एकरी आठ-दहा टनाची सवय. ते म्हणाले, "अगं अडीच टनात तर औषधाचं बिल निघायचं नाही, ह्यांना परवडतं कसं?" हिनं ते भाषांतर करून सांगितलं. गाईड म्हणाला, बाटली किती वर्षांनी आणि कितीला विकतो ते त्यांना सांगा. सांगितलं. नाना बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "रेंज गेली वाटतं."

टेस्टिंगला आधी पांढरी, विउरा द्राक्षाची, मोनोपोल नावाची, हे नाव ते १९१५ पासून विकतायत. मग क्रियान्सा, रेसेर्वा आणि शेवटी इम्पेरियल नावाची ग्रान रेसेर्वा. ह्याच इम्पेरियलची २००४ ची ग्रान रेसेर्वा एका मोठ्या अमेरिकन वाईन मासिकानं २०१३ मध्ये जगातली वर्षातली पहिली ठरवली होती, आणि नाव कुठनं आलं तर इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी इम्पेरियल पिंट मापाच्या बाटलीत भरायचे म्हणून. परत इंग्लंड. पद्धत अशी की ग्लास दांड्याला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून कडेचा रंग बघायचा, न हलवता एकदा वास, फिरवून परत एकदा, मग घोट तोंडात सगळीकडं फिरवायचा. शेजारी थुंकायचं भांडं असतं. मी लाजून पहिले दोन गिळले, मग तिसऱ्याला सरळ भांडं वापरायला लागलो, कारण गिळत राहिलं की शेवटची आणि सगळ्यात महागडी तीच लागत नाही. काही लाज वाटून घेऊ नका, तिथं सगळेच करतात.

वासांचं मला आधी नाटक वाटायचं. पण क्रियान्सात नारळ आणि व्हॅनिला खरंच येतो, तो द्राक्षाचा नसून अमेरिकन ओकचा, हे सांगितल्यावर लगेच सापडतो. जुनी वाईन हातात आली तेव्हा सगळे अंजीर, तंबाखू, देवदार म्हणत होते, मी म्हटलं हा आमच्या कोल्हापुरात चप्पल लाईनला दुकानात शिरल्या शिरल्या येतो तो वास आहे. बायकोनं डोकं धरलं, पण त्या पोरानं टाळी दिली, म्हणाला बरोबर, आम्ही कातडं म्हणतो. त्यानंतर मी जरा जास्तच बोलायला लागलो असं हिचं म्हणणं.

चव सांगायची तर मला स्वतःला रेसेर्वा आवडली. ग्रान रेसेर्वा मोठी असेल, पण ती पाहुण्यासमोर बसल्यासारखी प्यावी लागते. बायकोला उलट. टेम्प्रानिलो, म्हणजे रिओहाच्या लाल वाईनची द्राक्षाची जात, नाशिकलाही लावलेली आहे, ती तिनं घेतली होती, तिच्या मते तिकडची जास्त पिकलेली, जॅमसारखी लागते, इथली आंबट बाजू सोडत नाही कारण रात्री थंड असतात. हे मी तिच्या तोंडचं लिहितोय, मला विचारू नका.

संध्याकाळी वर गावात एर्रादुरा म्हणून बारची गल्ली आहे, तिथं खा. कोकराच्या बरगड्या द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, छाटणीच्या काड्या आमच्याकडं बांधावर पडून राहतात असं ही हळहळली. शाकाहारी लोकांनी भाजलेल्या लाल मिरच्या, मशरूम आणि भाज्यांचा मेनेस्त्रा मागावा, पण मागताना हॅम नको हे ठणकावून सांगावं, मेनेस्त्रात हॅमचे तुकडे घालायची सवय आहे आणि त्यांच्या लेखी ते मांसाहारात मोडत नाही. शेवटची बस कधी आहे ते उतरल्या उतरल्याच बघून ठेवा, ट्रेनही आहे आणि ती अगदी बोदेगांच्या दारात थांबते, पण मोजक्याच आहेत.

बाटल्या घ्यायच्या तर बोदेगाच्याच दुकानातनं, खोक्यात नीट बांधून देतात. चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या, भारतात माणशी दोन लिटर ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन. आम्ही दोघांत चार आणल्या. त्यातल्या दोन बाटल्या मित्रांनी पहिल्याच शनिवारी रश्श्याबरोबर संपवल्या, तांबड्या रश्श्यापुढं क्रियान्साचं काही चालत नाही हे तेव्हा कळलं, पांढऱ्याबरोबर बरी लागते. एक आम्ही ठेवलीय. चौथी नानांना दिली. ते पीत नाहीत, त्यांनी ती हॉलमधल्या शोकेसमध्ये ट्रॅक्टरच्या मॉडेलशेजारी उभी केलीय आणि बागायतदार मंडळी आली की बाटली हातात देऊन आधी किंमत ओळखायला लावतात, मग एकरी किती टन ते विचारतात.